परदेशातले कायदेप्रश्न : अपिलाची मुदत उलटली तर?

प्रश्न : भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला बायको-मुलांसह राहतो. कौटुंबिक आयुष्याच्या आधारावर त्याने मुदतीत केलेला व्हिसावाढीचा अर्ज गृहखात्याने नाकारला आणि त्यावरचं अपील फर्स्ट-टियर ट्रायब्युनलनेही (पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणानेही) फेटाळलं. निकाल वकिलाच्या ईमेलवर गेला. भावाला तो २३व्या दिवशी कळला. वरच्या अपिलासाठी मुदतवाढ मिळेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मागता येते, पण आधी मुदतवाढीचं पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. अपिलाच्या परवानगीचा अर्ज आणि उशिराचं कारण एकत्रच द्यायचं असतं. अर्ज आधी फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडेच जातो. अर्जदार ब्रिटनमध्ये असेल तर लेखी कारणांसह निकाल पाठवल्यापासून १४ दिवस, देशाबाहेर असेल तर २८. म्हणजे निकाल कळला तेव्हाच भावाला ९ दिवस उशीर झाला होता. आता सगळे कागद जमेपर्यंत थांबलात, तर त्या प्रत्येक दिवसाचाही वेगळा जाब द्यावा लागेल. अर्ज आधी टाका, उरलेला पुरावा पाठोपाठ द्या.

उशीर माफ करायचा का, हे तिथल्या अपील न्यायालयाच्या २०१४च्या डेंटन निकालातल्या तीन पायऱ्यांनी ठरतं: उशीर किती गंभीर, कारण काय, आणि एकूण परिस्थिती बघता न्याय्य काय. त्याच वर्षीच्या हायसाज निकालामुळे ‘वकील परवडत नव्हता’ किंवा ‘नियम माहीत नव्हते’ ही कारणं सहसा टिकत नाहीत. वकिलाची चूकही आपोआप माफ होत नाही. त्याच्यावर ठपका ठेवायचा असेल, तर त्याला लेखी तक्रार पाठवून खुलासा मागवा आणि तक्रार व उत्तर दोन्ही जोडा. नुसतं ‘वकिलाने कळवलंच नाही’ असं लिहिलं तर ट्रायब्युनल त्याला फारसं वजन देत नाही.

सोबत भावाचं सहीचं निवेदन हवं, तारीखवार: निकाल कधी निघाला, वकिलाला कधी विचारलं, कधी कळलं, त्यानंतर रोज काय केलं. ईमेलचे स्क्रीनशॉट जोडा. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र नेमक्या त्याच दिवसांबद्दल बोलणारं हवं.

अपिलाच्या मुद्द्यांत मात्र कायद्याची चूक दाखवावी लागते. ‘न्यायाधीशांना आमचं म्हणणं पटलं नाही’ हा मुद्दा नव्हे. ‘मुलाच्या शाळेचं पत्र पुराव्यात होतं, निकालात त्याचा विचारच नाही’ हा मुद्दा, अर्थात ते पत्र निकालावर परिणाम करण्याइतकं महत्त्वाचं असेल तर. या अर्जाला फी नाही. फर्स्ट-टियरने नकार दिला तर अप्पर ट्रायब्युनलकडे (वरच्या न्यायाधिकरणाकडे) पुन्हा अर्ज करता येतो, पण पहिला अर्ज उशिरा का केला याचं कारण तिथेही मांडावं लागतं.

सगळ्यात मोठा फटका दुसरीकडेच बसतो. अपील चालू असेपर्यंत ब्रिटनच्या १९७१च्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम ३सी खाली जुना व्हिसा आणि काम करण्याचा हक्क टिकलेला असतो. मुदत उलटली की तो संपतो. उशीर माफ झाल्यावर तो पुढे पुन्हा सुरू होतो, मधली पोकळी भरून निघत नाही. त्या काळात काम करत राहणं धोक्याचं. सल्लागाराला हे आधी विचारा. सल्लागार सॉलिसिटर (वकील) किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी या नियामक संस्थेकडे या कामासाठी नोंदलेला असावा. नोंदणी नसताना असा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे, मग तो ‘ओळखीचा’ असला तरी.

प्रश्न : लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीचा स्किल्ड वर्कर व्हिसा वाढवायला नकार आला. तिलाही हेच लागू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. अशा नकारावर सहसा ट्रायब्युनलमध्ये अपील नसतंच, गृहखात्याकडेच प्रशासकीय फेरतपासणी मागायची असते. ती ब्रिटनमधून १४ दिवसांत, फी ८० पौंड. उशीर झाला तरी मुदतीवर अडून राहणं अन्यायाचं ठरेल आणि अर्ज शक्य तितक्या लवकर केला आहे, असं पटवलं तर तो स्वीकारला जाऊ शकतो. नवे कागद मात्र सहसा विचारात घेत नाहीत. मूळ अर्ज तपासताना अधिकाऱ्याने कुठे चूक केली, तेवढंच दाखवा.