इलेक्ट्रिक ब्रेक बूस्टरमधली पिळाची कंपनं: जर्मनीला कामाला येण्याआधी काय शिकून यावं

तुमचं पत्र नीट वाचलं. आजवर व्हॅक्यूम बूस्टरच्या (ब्रेक पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेच्या) टेस्टिंगवर काम केलंत, आता जर्मनीतून इलेक्ट्रिक ब्रेक बूस्टरच्या टॉर्शनल व्हायब्रेशनच्या, म्हणजे पिळाच्या कंपनांच्या, कामाची ऑफर आली आहे, निघायला काही महिने आहेत आणि तोवर काय शिकावं हा प्रश्न आहे. मी याच कामासाठी इथे आलो आणि अजून त्यातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कागदपत्रांचं आधी उरकतो. ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षितांच्या काम-परवान्यासाठी) तुमची पदवी आणि विद्यापीठ दोन्ही अनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये स्वतः तपासा. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवता येतो. पुरवठादार कंपन्यांत सध्या कपात चालू आहे, तेव्हा या प्रोजेक्टला ग्राहक ठरलेला आहे का आणि उत्पादन कधी सुरू होणार, हे सही करण्याआधी सरळ विचारा. असं विचारलेलं इथे कुणाला खटकत नाही.

आता मूळ विषय. व्हॅक्यूम बूस्टरमध्ये बळ हवेच्या दाबाने रबरी डायाफ्रामवर येतं, तिथे फिरणारं काही नाही. इलेक्ट्रिक बूस्टरमध्ये मोटर, गिअर, स्पिंडल आणि मग ब्रेक ऑइलवर दाब देणारा मास्टर सिलिंडर अशी साखळी आहे. रोटरला जडत्व आहे, पलीकडच्या गिअर-स्पिंडलला जडत्व आहे, आणि मधले शाफ्ट व दात पीळ खातात. म्हणजे दोन जडत्वं आणि मध्ये एक स्प्रिंग. एवढं मॉडेल हातात घट्ट बसवा, बाकी सगळं त्यावर चढतं.

हिशेबापुरते आकडे घेऊ. रोटरचं जडत्व ०.००००२ किलो मीटर वर्ग, पलीकडचं मोटरच्या बाजूला आणलेलं ०.०००००५ (गिअर रेशोच्या वर्गाने भागायला विसरू नका), आणि मधला कडकपणा ५ न्यूटन-मीटर प्रति रेडियन. रेझोनन्स (जिथे कंपन सर्वांत फुगतं) येतो सुमारे १७८ हर्ट्झला आणि अँटी-रेझोनन्स (जिथे रोटर जवळजवळ हलत नाही) १५९ हर्ट्झला. आता मोटर १२ स्लॉट (वायंडिंगच्या खाचा), ८ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) धरा. तिचा कॉगिंग टॉर्क (करंट नसतानाही चुंबक खाचांना ओढतात त्याचा हिसका) एका फेऱ्यात २४ वेळा येतो, कारण १२ आणि ८ चा लसावि २४. चार पोलजोड्यांमुळे सहाव्या इलेक्ट्रिकल हार्मोनिकचा टॉर्क रिपलही (टॉर्कमधला चढउतार) नेमका २४ व्या ऑर्डरलाच, म्हणजे एका फेऱ्यात २४ वेळा, पडतो. दोघं एकाच ठिकाणी येतात आणि मोटर सुमारे ४४५ आरपीएमला असताना रेझोनन्सला भिडतात.

हा वेग कमी आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. जोरात ब्रेक मारला की मोटर हा पट्टा क्षणात पार करते, कुणाला काही जाणवत नाही. तक्रार येते ती गाडी हळूहळू थांबताना. इलेक्ट्रिक गाडीत वेग उतरत आला की रीजनरेशन (गाडीची मोटर वीज बनवत करते ते ब्रेकिंग) कमी होत जातं आणि ती जागा बूस्टर हायड्रॉलिक प्रेशरने भरून काढतो. त्या वेळी मोटर सावकाश फिरत असते, इंजिनाचा आवाज नसतो, आणि ड्रायव्हरचा पाय पेडलवर अलगद टेकलेला असतो. म्हणून टेस्ट आखताना सर्वांत जास्त वेळ मंद, सौम्य ब्रेकिंगला द्या. नवीन माणसं पॅनिक ब्रेकिंगचाच डेटा गोळा करत बसतात.

कंपन कुणाचं आहे हे ओळखणं हे या कामातलं खरं कौशल्य. वेग हळूहळू वाढवत मोजा आणि कॅम्पबेल डायग्राम (वेगाप्रमाणे कंपनाच्या फ्रिक्वेन्सींचा आलेख) काढा. या मोटरमध्ये चौथी ऑर्डर वर आली तर करंट सेन्सरच्या ऑफसेटवर संशय घ्या, आठवी आली तर दोन फेजच्या सेन्सरमधल्या गेनच्या फरकावर. २४ वी आली तर ती कॉगिंगची की इन्व्हर्टरच्या डेड टाइमची (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेल्या क्षणभराच्या विरामाची), हे वेगळं काढावं लागतं: करंट बंद ठेवून बाहेरून रोटर फिरवा, तरी टॉर्क थरथरला तर ते कॉगिंग. वेग बदलला तरी एकाच फ्रिक्वेन्सीला उभी राहणारी रेघ ही यंत्ररचनेची स्वतःची. दात एकमेकांत बसण्याची, म्हणजे मेशची, ऑर्डर दातांच्या संख्येवरून लगेच कळते.

उपायांबाबत माझं मत ठाम आहे: आधी लोखंडात करा, मग सॉफ्टवेअरमध्ये. रोटर स्क्यू केला (चुंबक थोडे तिरके बसवले) की कॉगिंग उतरतं, थोडा टॉर्क जातो. १२ स्लॉट १० पोल घेतले तर कॉगिंग ६० व्या ऑर्डरला जातं आणि लहान होतं, पण त्या मोटरची त्रिज्येच्या दिशेची बलं हाउसिंगला लंबगोल दाबतात आणि तिथून वेगळाच आवाज सुरू होतो. हेलिकल दात मेश शांत करतात, मात्र अक्षाच्या दिशेने रेटतात, आणि बेअरिंगमध्ये खेळ असेल तर दिशा बदलताना खट्ट होतं. प्लास्टिकचं गिअर कंपन पितं, पण तापलं की फुगतं, म्हणून त्याला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जास्त द्यावा लागतो. प्रेशर शून्याजवळ येतं तेव्हा दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातात. त्या पट्ट्यात कडकपणा घटल्यासारखा होतो आणि रेझोनन्स खाली सरकतो.

मोटर आणि गिअरमध्ये रबरी स्पायडरचं क्लॉ कपलिंग (धातूच्या पंजांमध्ये रबरी तारा असलेला जोड) बसवणं हा मला सर्वांत आवडणारा उपाय. रबर तुटलं तरी धातूचे पंजे एकमेकांत अडकून टॉर्क पोहोचवतात, आणि ब्रेकमध्ये ही अट सोडता येत नाही. आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षेच्या मानकानुसार ब्रेकची धोक्याची कामं वरच्या एएसआयएल (सुरक्षेच्या कडकपणाच्या) पातळीला जातात. यूएन आर१३-एच नियमाप्रमाणे बूस्टर पूर्ण गेला तरी पेडलवर ५०० न्यूटन बळाने किमान २.४४ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन मिळालं पाहिजे. तुमचा डँपर (म्हणजे हे कपलिंग) पेडलपासून सिलिंडरपर्यंतची ही वाट अडवत नाही ना, हे पहिल्या डिझाइन रिव्ह्यूतच विचारलं जाईल. रबराची दुसरी बाजू थंडीची. कडाक्याच्या थंडीत ते कडक होतं, रेझोनन्स वर जातो आणि डँपिंग बदलतं. ग्रीसही घट्ट होतं.

म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीला बसवलेल्या नॉच फिल्टरवर (तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणाऱ्या फिल्टरवर) विसंबू नका. खोलीच्या तापमानाला तो सुंदर चालतो, थंडीत रेझोनन्स त्याच्या बाजूने निसटतो. शिवाय तो खालच्या फ्रिक्वेन्सीवर फेज लॅग (प्रतिसादाला उशीर) आणतो आणि प्रेशरचा लूप सुस्त होतो. आपोआप आणीबाणीचा ब्रेक लागतो तेव्हा तेवढी सुस्ती परवडत नाही. त्यापेक्षा सेटपॉइंटचा जर्क (कंट्रोलरकडे येणाऱ्या मागणीतला झटका) मर्यादेत ठेवा, डेड टाइमची भरपाई करा, आणि मोटरच्या वेगातला कंप गाळून त्याच्या उलटा टॉर्क करंट लूपमधून द्या. हे अॅक्टिव्ह डँपिंग तापमानाचा फरक पुष्कळ सोसतं.

हाती असलेल्या महिन्यांत वरचं मॉडेल स्वतः लिहून काढा. त्यात बॅकलॅश घाला, कडकपणा अर्धा आणि दुप्पट करून पाहा, २४ वी आणि चौथी ऑर्डर त्यातून चालवा. चौथी ऑर्डर रेझोनन्सला कोणत्या वेगाला भिडते ते आधी कागदावर काढा (२६७० आरपीएमच्या आसपास यायला हवं). जर्मन बी१ (मध्यम) पातळीपर्यंत तरी शिका. मीटिंग इंग्रजीत होतात, पण टेस्ट बेंचवरचा मेकॅनिक काय सांगतोय हे तुम्हाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, कारण बेंचवर काय सैल झालंय हे त्याला आधी कळतं.

आणि पुढच्या बोलण्यात त्यांना एक विचारा: कंपन फक्त मोटरच्या एन्कोडरवर (रोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरवर) मोजता की स्पिंडलच्या बाजूलाही सेन्सर आहे? अँटी-रेझोनन्सला रोटर जवळजवळ स्थिर दिसतो आणि स्पिंडल हलत असतं, तेव्हा नुसत्या एन्कोडरच्या डेटात ते सापडणार नाही. सेन्सर नसेल तर आल्यावर तुमची पहिली मागणी तीच ठेवा.