मोती हातावर कधी येणार?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमच्या यांच्या ऑफिसातले एक जण परदेशी गेले आणि जाताना त्यांचा आठ महिन्यांचा पांढरा काकाकुवा आम्हाला देऊन गेले. अंब्रेला कॉकाटू म्हणतात त्याला. नाव मोती. येऊन अकरा दिवस झाले. पहिले दोन दिवस खाल्लंच नाही. आता खातो, पण हात आत घातला की तुरा पाडून फिसकारतो. दहा वर्षांच्या मुलाच्या बोटातून रक्त काढलं. यांच्याकडे मात्र जातो. रविवारी तर दिवसभर यांच्या छातीशीच होता. सोमवारी हे कामावर गेले आणि त्यानं असा गोंधळ मांडला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. सासूबाई म्हणतात, "पाखराला करमंना गेलंय, माघारी देऊन टाका." तो कधी रुळेल? हातावर कसा येईल? भाकरी चालते का? आणि नर आहे की मादी?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, बाजारातून आणलेला बैलसुद्धा नव्या दावणीला आठ-पंधरा दिवस बुजतो. मोतीचं तर घर, माणसं, आवाज, सगळंच एका दिवसात बदललं. त्यामुळे बोटाच्या रक्ताची मला फार काळजी वाटली नाही. तुमच्या पत्रात मला खटकला तो रविवार.

माझा जन्म गेला गायी-म्हशींत. परभणीला शिकलो तेव्हा पक्षी म्हणजे कोंबडी, बाकी पाखरं झाडावर. निवृत्त झालो आणि असंच एक काकाकुव्याचं पिल्लू घरी आलं. तेव्हा आमची लेक बाळंतपणाला आलेली. बाळ झोपलं की पिल्लू तिच्या कुशीत, ती उठली की तिच्या आईच्या, आणि दुपारभर माझ्या पोटावर. कौतुकच होतं ते. तीन महिन्यांनी लेक सासरी गेली, बायको शेताकडं जायला लागली. पंधरा दिवसांत त्या पाखरानं छातीवरची पिसं उपटून टाकली, सोललेल्या कोंबडीसारखं दिसायला लागलं. मी आधी उवा शोधल्या, मग बुरशी, रक्तसुद्धा तपासून घेतलं. काही निघालं नाही. सवय आम्ही लावली होती आणि मोडलीही आम्हीच.

म्हणून सांगतो, पहिल्या महिन्यात त्याला तेवढाच वेळ द्या, जेवढा पुढं रोज देता येईल. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी तास, जे जमेल ते. पण सोमवारी जमत नसेल तर रविवारीही नको. हे पक्षी इंडोनेशियातल्या हाल्माहेरा आणि आसपासच्या बेटांवरचे, थव्यानं राहणारे. जीव लावला तर पुरता लावतात, आणि जगतातही फार. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयात कुकी नावाचा काकाकुवा होता, जात वेगळी, पण कुळ हेच. तो २०१६ साली गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. तुमच्या मुलानं मोतीला आत्तापासूनच आपला मानलेलं बरं.

कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की वयात आल्यावर त्याला तुम्ही जोडीदार वाटू लागता, आणि मग घरातल्या बाकीच्यांना चावे बसतात. हे तुमच्या यांना जरा ठासून सांगा.

हातावर आणायची घाई नको. पिंजऱ्यापासून चार हातांवर बसून रोज काहीतरी करा. शेंगा फोडा, पेपर वाचा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. सूर्यफुलाचं बी वाटीतून पूर्ण बंद करा, ते फक्त माणसाकडूनच मिळालं पाहिजे. आधी लांब दांड्याच्या चमच्यातून द्या. चमच्यातून निवांत घ्यायला लागला की चिमटीतून. मग काठी पुढं धरून तिच्यावर चढायला शिकवा, आणि काठीच्या जागी एके दिवशी मनगट. आमच्या पाखराला यायला पाच आठवडे लागले. गजांतून बोट घालायचं मुलानं बंद करायचं. त्याला उलट तुरा वाचायला शिकवा, पोरं ते मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. तुरा झटकन उभा, म्हणजे दचकला किंवा हरखला. तुरा चापून पाडलेला आणि फिसकारतोय, तर हात मागं. गालाची पिसं चोचीवर आली, एक पाय पोटाशी घेतला आणि चोच किरकिर वाजायला लागली, म्हणजे समाधानात आहे, आता झोपेल.

ओरडण्याचं म्हणाल तर पहाटे आणि दिवेलागणीला थोडा वेळ ओरडणारच. ती थव्याची हाक असते. शेजारच्या काकूंना तसं सांगून ठेवा, जमलं तर एकदा चहालाही बोलवा. बाकी वेळी तो हळू आवाज काढेल तेव्हा लगेच शीळ घालून उत्तर द्या, दुसऱ्या खोलीतूनही. किंचाळला की मात्र धावून जायचं नाही. "गप रे!" म्हणत गेलात तरी त्याच्या हिशेबी तुम्ही आलात.

एक गोष्ट बघा : मान वरखाली हलवत पिल्लासारखं घुरघुरतो का? घर बदललं की स्वतः खाणारं पिल्लूसुद्धा काही दिवस पुन्हा भरवून मागतं. मऊ शिजवलेला भोपळा कोमट करून चमच्यानं द्या. सिरिंजनं भरवायच्या फंदात पडू नका. गरम असलं तर गळ्याखालची पिशवी भाजते, आणि श्वासनलिकेत गेलं तर तिथंच संपलं. रोज सकाळी खाण्याआधी किचनच्या डिजिटल काट्यावर वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. वजन दहावा हिस्सा घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भाकरी चालते, बिनमिठाची, तळहाताच्या चतकोराएवढी. त्यापेक्षा भिजवून मोड आणलेली मटकी, शेवग्याचा पाला, गाजर, पेरू चांगलं. हिरवी मिरची हौसेनं खातो, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. शेंगदाणे जपून, आपल्याकडं पोत्यातले बरेचदा बुरशी धरलेले असतात आणि त्या विषानं यकृत जातं. चहा, फरसाण, चॉकलेट, कांदा-लसूण आणि अवोकॅडो नको. कुरतडायला वाळलेल्या कडब्याची धांडं आडवी बांधा, फवारलेला नाही एवढी खात्री करा. आमचं पाखरू एका धांड्यावर तास काढतं. हिरवी कोवळी ज्वारी मात्र नको. तिनं जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, पाखरावर प्रयोग कशाला करायचा? कण्हेरीची फांदी तर अजिबात नाही.

नॉनस्टिक तवा आजच माळ्यावर टाका. तो जास्त तापला की त्याच्या धुरानं पाखरू काही मिनिटांत मरतं. मोती पिंजऱ्याबाहेर असताना छताचा पंखा बंद. मे महिन्यात पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकली तर सावलीत घेऊन पाण्याचा फवारा मारा. एरवीही आठवड्यातून दोनदा फवारा द्या, कारण याच्या अंगातून पांढरी भुकटी झडते. सासूबाईंना दमा असेल तर पिंजरा त्यांच्या खोलीत नको.

नर की मादी, आत्ता डोळ्यांवरून कळायचं नाही. मोठेपणी नराचे काळे आणि मादीचे लालसर तपकिरी होतात, पण पिल्लाचे गडदच असतात. घाई असेल तर पिसावरून डीएनए तपासणी होते.

आणि कागद! २०२४ च्या नियमांप्रमाणे असा विदेशी पक्षी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. तुमचे अकरा गेले, एकोणीस उरले. आधीच्या मालकांकडून त्यांच्या नोंदणीचे कागद मागवून घ्या.

प्रश्न : गारपिटीत आमच्या आखाड्यावरच्या लिंबाखाली राघूचं पिल्लू पडलेलं सापडलं. पोरं पाळू म्हणतात. काय खाऊ घालावं?
– एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

उत्तर : दादा, पोरांचं मन मोडेल, पण आपला राघू पाळणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पिंजरा कितीही मोठा असला तरी. पिल्लू जखमी नसेल आणि ढोली दिसत असेल तर परत ठेवा. माणसाच्या हातच्या वासानं आई टाकून देते हे खोटं आहे. ढोली गारांनी मोडली असेल तर खोक्यात सुती कापड घालून अंधारात ठेवा, चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा.