वाचक विचारतात : पट्टी, लय आणि बँडचा भाव

प्रश्न : कराडजवळच्या आमच्या शाळेच्या बँडमध्ये 22 मुलं आहेत. 6 क्लॅरिनेट, 5 ट्रंपेट, 3 आल्टो सॅक्सोफोन, 2 ट्रॉम्बोन, 2 युफोनियम (ट्यूबासारखं, पण लहान पितळी वाद्य) आणि 4 ड्रम. संचलन उत्तम वाजवतात. स्नेहसंमेलनासाठी बसून वाजवायची संथ रचना घेतली आहे. कागदावर दोन फ्लॅट म्हणजे उतऱ्या सुराच्या खुणा (सा काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर), 4 मात्रांचा बार (मात्रांचा एक गट), मिनिटाला 72 मात्रा आणि 'शांत' असं लिहिलं आहे. मुलं 90 पर्यंत पळतात, शांतपणा उरत नाही. पट्टी सफेद एक केली तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण बिघडेल. ट्रंपेटचा कागद प्रत्यक्ष सुरापेक्षा एक स्वर वर लिहितात, म्हणून ट्रंपेटवर काळी पाचचा सा म्हणजे लिहिलेला सी. एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता निघतो. सफेद एक केली की तोच सा लिहिलेल्या डीवर जातो. खालच्या सप्तकात त्याला पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबावा लागतो आणि सूर चढा लागतो. त्याखालच्या नीला तिन्ही व्हॉल्व्ह, तो आणखी चढा. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) बाहेर सरकवायची राहिली की ओळ जिथे विसावते, नेमका तोच सूर बेसूर. आल्टो सॅक्सोफोनला एका शार्पऐवजी (चढ्या सुराच्या खुणेऐवजी) तीन शार्प येतात. ट्रॉम्बोनचा खालचा सा सहाव्या पोझिशनवर जातो, म्हणजे सरकती नळी बरीच लांब ढकलावी लागते, आणि लहान मुलांचा हात तिथे पुरत नाही.

शिवाय भाव पट्टीत बसलेला नसतो. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी 1909 मध्ये मिलिटरी बँडसाठी लिहिलेल्या पहिल्या सूटचा (अनेक भागांच्या रचनेचा) पहिला आणि तिसरा भाग एकाच काळी दोनवर आहे. पहिला 3 मात्रांचा, ट्यूबा आणि युफोनियमच्या खालच्या सुरांतून हळूहळू उगवणारा. तिसरा सरळ कूच. पट्टी तीच, माणूस मात्र दोन वेगळ्या जागी जातो.

तुमच्या मुलांची लय पळते ती श्वासामुळे. 4 बारची ओळ म्हणजे 16 मात्रा, 72 च्या लयीत सुमारे 13 सेकंद. शाळकरी मुलाचा श्वास तेवढा टिकत नाही, म्हणून ते ओळ लवकर संपवतात. सहा क्लॅरिनेटच्या तीन जोड्या करा आणि प्रत्येकीची श्वासाची जागा पेन्सिलीने वेगळी लिहा : एकीची दुसऱ्या बारमध्ये, दुसरीची तिसऱ्यात, तिसरीची चौथ्याच्या मध्यावर. ट्रंपेटचेही तसेच दोन गट. श्वास घेऊन परत शिरताना हळूच शिरायचं, जिभेचा आघात न करता. हे एकदा बसलं की निम्मी घाई तिथेच थांबते.

उरलेली घाई पायांची. संचलनाच्या 120 पावलांची सवय ड्रमवाल्यांच्या हातात असते. साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल करा, बेस ड्रमला फक्त पहिली मात्रा द्या. फुंकणाऱ्यांना 'त' ऐवजी 'द' म्हणत सूर काढायला लावा आणि प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत पोचवा. संचलनात सूर तोडून वाजवतात, इथे तुटला की शांतपणा गेला. मेट्रोनोम 36 वर लावा, म्हणजे ठोका पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवरच येईल आणि मधली मात्रा मुलांना स्वतः सांभाळावी लागेल. त्याआधी दोन दिवस वाद्यं बाजूला ठेवून टाळी देत सरगम म्हणवून घ्या. तपासायला मोबाइलचं घड्याळ पुरतं : 8 बारना 27 सेकंद लागले पाहिजेत. 21 लागले तर समजा, 90 वर गेलात.

प्रश्न : सांगलीतल्या आमच्या बँडने काळी पाचवर भूप बसवला. स्वर बरोबर आहेत, पण जाणकार म्हणतात देशकार वाटतो. आणि ट्रंपेटचा गंधार पेटीशी जुळत नाही.

उत्तर : दोन्ही रागांचे स्वर सा रे ग प ध हेच. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकाराचा धैवत. मुख्य धून ट्रंपेटला दिली असेल तर ती चमक शोधत वर धैवताकडे ओढली जाते आणि तिथेच रेंगाळते. धून युफोनियम आणि क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांना द्या, न्यास (विसावा) गंधारावर करा, धैवतावरून नुसतं जाऊन परत या.

गंधाराबाबत तुमचा ट्रंपेटवाला चुकत नाही. काळी पाचचा वरचा गंधार ट्रंपेटवर व्हॉल्व्ह न दाबता निघतो. नळीचा तो पाचवा नैसर्गिक स्वर, पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा. मिरजेच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो, तो हाच. असा सूर फुकट मिळत असताना तो पेटीसाठी चढवू नये, असं आमचं मत. पेटीला फक्त सा आणि प धरू द्या.

प्रश्न : 26 जानेवारीला सकाळी साताऱ्यात मैदानावर आमचा बँड पेटीच्या खाली जातो. काय करावं?

उत्तर : नळीतली हवा 1 अंशाने थंड झाली की सूर साधारण 3 सेंट उतरतो, पेटीच्या स्वरपट्ट्या जवळपास तिथेच राहतात. सुरुवातीआधी 10 मिनिटं आवाज न काढता वाद्यात गरम श्वास सोडत राहा, भाषणं चालू असतानाही. मगच सूर जुळवा. तरीही उतरलेला राहिला तर ट्रंपेटची मुख्य स्लाइड आत घ्या. 4 मिलिमीटरला जवळपास 10 सेंट मिळतात. लाकडी क्लॅरिनेट मात्र उन्हात ठेवून किंवा जोरात फुंकून घाईने तापवू नका, लाकूड तडकतं. ती स्वेटरखाली धरून ठेवा.