एमईपी टेस्टमध्ये डोक्याला शॉक देतात का? आईची भीती कशी घालवू?

तुमच्या आई ६२ वर्षांच्या, मानेच्या मणक्याचं दुखणं जुनं, आणि हल्ली चालताना पाय अडखळतात म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी एमईपी (मोटर इव्होक्ड पोटेन्शियल, म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजणारी टेस्ट) लिहून दिली. ‘डोक्याला शॉक देतात’ असं कुणीतरी सांगितल्यापासून त्या यायलाच तयार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी न्यूरॉलॉजी विभागात टेक्निशियन आहे, ही टेस्ट स्वतः करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मानसोपचारात शॉक ट्रीटमेंट असते, तिचा आणि या टेस्टचा काहीही संबंध नाही, हे आईंना सगळ्यात आधी सांगा. भूल नाही, सुई नाही, शुद्ध हरपत नाही. त्या खुर्चीत बसलेल्या असतात, आमच्याशी बोलत असतात. प्लास्टिकच्या आवरणातली एक गोल कॉइल आम्ही डोक्यावर टेकवतो. तिच्यातून निमिषभर जोराचा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून सहज आत जातं आणि मेंदूच्या ज्या भागातून हातापायांना हुकूम सुटतो तो भाग चेतवतं. कॉइलमधली वीज अंगाला लागत नाही. १९८० साली इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन हेच साधलं होतं, पण ते दुखायचं. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकाची पद्धत आणली, तेव्हा कुठे ही तपासणी जाग्या माणसाला सोसण्याजोगी झाली.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. अंगठ्याच्या मुळाशी किंवा करंगळीच्या बाजूला, आणि पायाला नडगीच्या बाहेरच्या स्नायूवर चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावतात. त्याआधी तिथली कातडी खरखरीत जेलने थोडी घासतात, तेवढं चुरचुरतं. मग टेपने डोकं मोजून मधोमध खूण करतात. कॉइल टेकवली की ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो, म्हणून कानात बोळे देतात. त्याच क्षणी अंगठा आपोआप उडतो. ‘अहो, मी नाही हलवला!’ असं बरेच पेशंट दचकून म्हणतात. पापण्या लवतात, कधी जबडाही किंचित आवळतो. हे सगळं विचित्र वाटतं खरं, पण बहुतेकांना दुखत नाही. मानेवर आणि कमरेवर कॉइल ठेवतो तेव्हा खांदा किंवा पाय जरा जोरात झटकतो. ते आधी सांगून ठेवलं तर आई घाबरणार नाहीत.

मधूनच आम्ही म्हणतो, ‘अंगठा हलकासा दाबून धरा’, ‘पाऊल थोडं वर उचला’. स्नायू किंचित ताणलेला असला की संदेश सहज उमटतो. पायाचा प्रतिसाद तर आरामात बसलेल्या निरोगी माणसातही कधीकधी मिळत नाही, म्हणून तिथे पेशंटची साथ फार लागते. जोर नको, हलका ताण पुरे. सगळं मिळून साधारण पाऊण तास लागतो.

आता ही टेस्ट कशासाठी? साठीनंतर एमआरआय काढला तर मानेतल्या चकत्या झिजलेल्या दिसतातच, त्रास नसलेल्यांच्याही दिसतात. मज्जारज्जूवर दाब किती, हे एमआरआय दाखवतो. त्या दाबाने संदेश खरंच अडतोय का, हे एमईपीत कळतं. समजा, डोक्यापासून हातापर्यंत संदेश पोचायला २२ मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाचे २२ हजारांश, आणि मानेपासून हातापर्यंत १४. वजाबाकी ८. मेंदूपासून मानेपर्यंतच्या वाटेला साधारण एवढा वेळ लागला. हा आकडा वाढला तर अडथळा मेंदू-मज्जारज्जूच्या वाटेवर आहे असं धरतात. पायाचा आकडा मुळातच मोठा असतो आणि उंचीप्रमाणे बदलतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टशी आईंचा रिपोर्ट ताडून पाहू नका. वेळ वाढली म्हणजे अमुकच आजार, असंही नसतं. मणक्याचा दाब, मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉनचे आजार, सगळ्यांत ती वाढू शकते. डॉक्टर तपासणी आणि एमआरआय जोडीला ठेवूनच अर्थ लावतात.

बरेच जण एमईपी आणि एनसीव्ही (हातापायांच्या नसांतून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) यांत गल्लत करतात. एनसीव्हीत हातापायाच्या नसेवर विजेचे छोटे झटके देतात, ते मात्र चांगलेच टोचतात. तिच्याबरोबर ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, असेल तर स्नायूत बारीक सुई घालतात. चिठ्ठीवर तेही लिहिलंय का बघा. असेल आणि आई रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील, तर आधी कळवा.

एका बाबतीत मात्र अजिबात संकोच करू नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप किंवा कसलाही धातू, डोक्यावरचं जुनं ऑपरेशन, कधीही आलेली फिट, यांतलं काहीही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. एकेकट्या पल्सने फिट येण्याचा धोका फार कमी असतो, पण निर्णय डॉक्टरांनी सगळं माहीत असताना घ्यायला हवा. कुणाला विचारायचं राहिलं तरी तुम्ही आपणहून बोला. दातातलं फिलिंग सहसा आड येत नाही. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त यादी आणा.

सकाळी नेहमीसारखं खाऊनपिऊन या, उपाशी राहायची गरज नाही. केस धुतलेले असावेत, डोक्याला तेल आणि हातापायांना क्रीम नको. केसांतल्या पिना, कानातले, श्रवणयंत्र आणि घड्याळ काढून ठेवायला लागेल. मोबाइल आणि एटीएम कार्ड तुमच्याकडे ठेवा. साडीपेक्षा सैल सलवार बरी, इलेक्ट्रोड लावताना आईंनाच अवघडल्यासारखं होणार नाही. आणि एमआरआयच्या फिल्म न विसरता आणा. आत तुम्हाला सोबत बसू देतील का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आमच्याकडे एका नातेवाइकाला बसू देतो. मुलगा किंवा मुलगी समोर दिसली की पेशंटचे खांदे सैल पडतात, आणि टेस्टही लवकर उरकते.