बेळगावचे अतुल कुलकर्णी : रंगभूमी ते पडदा

अतुल कुलकर्णी मूळचे आपल्या बेळगावचे का आणि त्यांची कोणती कामे आवर्जून पाहावीत, असा प्रश्न आहे. होय, त्यांचा जन्म 1965 साली बेळगावात झाला. पुढे सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर ते घडले आणि 1995 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडले.

‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकात महात्मा गांधी उभे करणाऱ्या या नटाने ‘हे राम’ या चित्रपटात गांधीहत्येचा कट रचणारा अभ्यंकर साकारला, आणि दोन्ही भूमिका तितक्याच विश्वासाने केल्या, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

तरीही सुरुवात 2010 च्या ‘नटरंग’ चित्रपटापासून करावी. त्यातल्या गुणा कागलकरचा पिळदार पैलवानी देह त्यांनी आधी कमावला आणि मग तमाशातल्या नाच्याच्या भूमिकेसाठी तो उतरवला. मान, मनगट, कंबर यांची चाल कशी बदलत जाते, ते नीट न्याहाळावे. आपल्याकडे घरोघरी कन्नडही समजते, म्हणून ‘आ दिनगळु’ हा त्यांचा कन्नड चित्रपट चुकवू नये.