वाचकांचे प्रश्न : कालव्याआधीचा इजिप्त

प्रश्न : साताऱ्याच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. त्या काळी मुंबईचे प्रवासी इजिप्तमधून कसे जात आणि तेथील प्राचीन वस्तू त्यांना पाहता येत काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. त्यापूर्वी विलायतेला जाण्याचे दोन मार्ग होते. एक आफ्रिकेला वळसा घालणारा, कित्येक महिन्यांचा, दुसरा इजिप्तमधून. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि या दुसऱ्या मार्गाला बळ आले. सुएझला उतरून वाळवंटातून उंटावर, नंतरच्या काळात घोडागाड्यांतून, कैरो गाठायचे, तेथून नाईल नदी व महमूदिया कालव्याने नावेतून अलेक्झांड्रियाला जायचे आणि भूमध्य समुद्रात दुसरी बोट पकडायची, असा तो खडतर प्रवास होता. कैरो ते सुएझ रेल्वे १८५८ मध्ये झाली.

गिझाचे पिरॅमिड कैरोपासून जवळ, नाईलच्या पश्चिमेस आहेत. त्यामुळे बोटीच्या वेळापत्रकातून एखादा दिवस मोकळा मिळाला, तर प्रवासी ते पाहून येत. संग्रहालयाची गोष्ट मात्र निराळी. इजिप्तचा शासक महंमद अली याने १८३५ मध्ये प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई केली, पण ती नीट पाळली गेली नाही आणि कैरोतील बुलाक येथील, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएतचे संग्रहालय १८६३ पर्यंत उघडले नव्हते. उलट १८४० च्या दशकात लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाला ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिला पाहता येत होती, जिच्या आधारे फ्रेंच विद्वान शांपोलियोंने १८२२ मध्ये प्राचीन चित्रलिपीचा उलगडा केला, आणि थीब्ज या प्राचीन नगरीतून इटालियन संशोधक बेल्झोनीने हलवलेला फॅरो (राजा) दुसऱ्या रामसेसचा सात टनांहून जड अर्धपुतळाही. इजिप्तचा वारसा इजिप्तमध्येच संग्रहालयात पाहण्याची सोय नसताना तो लंडनमध्ये मांडलेला होता, ही बाब आम्हाला आजही खटकते.

इजिप्तमधील अशा काही वस्तू आपल्याकडेही आल्या. लेफ्टनंट आर्चबोल्डने १८३४ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीला एक ममी दिली. साताऱ्याहून त्या मानाने जवळ असलेल्या हैदराबादच्या राज्य संग्रहालयातही एक ममी आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांनी ती १९३० मध्ये संग्रहालयास दिली. ती पाहताना काचेआड कोणा व्यक्तीचा देह आहे, याचे भान ठेवून मुलांनाही तसे आधी सांगावे, अशी आमची विनंती आहे.