लिनोकटला विषय सुचत नाही? घरातली चादर उलटून बघ

लिनोकट म्हणजे लिनो (लिनोलियमचा तुकडा) कोरायचा, त्यावर शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. विषय सापडत नाही म्हणून पहिलाच ठसा अडलाय, तर आधी घरातली सोलापुरी चादर घे. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच पलीकडे जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, होतो. लिनोकटमध्येही प्रश्न हाच असतो: काय कोरून काढायचं, काय ठेवायचं. चादरीतला मोर फक्त काळ्या शाईने कागदावर उतरव, करडी छटा अजिबात नको. मग उलटी बाजू काढ. मला बहुधा तीच जास्त आवडते.

सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर, तेही तलावातल्या प्रतिबिंबासकट, सगळेच काढायला जातात. सुरुवातीला ते झेपत नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटातले दगडांचे सांधे बघ, कडक भाकरीवरचे डाग बघ. पोस्टकार्डाएवढा तुकडा पुरे.

नवीन हात इथे चुकतात:

- अक्षरं सरळ कोरतात. छापल्यावर ती उलटी येतात. दुकानाची पाटी करायची तर आधी आरशात बघ.
- शाई फार घेतात. रोलर फिरताना बारीक चरचर आली की थांब, नाहीतर रेषा बुजतात.
- लिनो धरलेला हात पात्याच्या पुढे येतो. हात कायम पात्याच्या मागे, हे आजच पाठ कर.

लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेव, मऊ पडतो (उन्हाची आपल्याकडे काय कमी!). मे महिन्यात मात्र पाण्याची शाई रोलरवरच वाळते, म्हणून सकाळी लवकर छाप. प्रेस (छपाईचं यंत्र) नको, कागदाच्या मागून स्टीलच्या चमच्याची पाठ घासून चालतं. अनेक रंगांचं नंतर बोलू.